‘३० मीटर’ लिहिलेल्या घड्याळात पावसाचं पाणी कसं शिरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपूर्वी घेतलेलं, सेलवर चालणारं घड्याळ, मागच्या झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट ३० मीटर’ असं कोरलेलं. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या दुकानात सेल बदलून घेतला. आता पावसातून स्कूटरवर ऑफिसला पोचलं की काचेच्या आत धुकं धरतं. तीस मीटर पाण्यात टिकणारं घड्याळ पावसात कसं भिजलं, त्याचं आता काय करायचं आणि पुढचं घड्याळ किती मीटरचं घ्यायचं?

आधी तातडीचं बोलू. काचेच्या आत धुकं आहे म्हणजे आत पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर आतलं पोलाद गंजत राहणार. घड्याळ उतरवा, सुती फडक्याने कोरडं पुसा. चावीची (वेळ लावायला ओढतो त्या बाजूच्या खुंटीची) आणि बटणांची कड नीट टिपून घ्या. ओलं असताना चावी ओढू नका, फिरवू नका, बटणं दाबू नका. कडेला अडकलेला थेंब त्याच हालचालीने आत जातो. मग दोन दिवसांच्या आत ते उघडून घ्या. खाऱ्या पाण्यात भिजलं असेल तर त्याच दिवशी. पोलादी भागांवर मिठाच्या पाण्याचा गंज काही दिवसांतच उठतो, आणि तो सगळ्यात आधी चावीच्या दांड्यापाशी दिसतो, कारण पाणी बहुधा तिथूनच आलेलं असतं.

तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरू नका. आतलं पाणी बंद केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून, बाहेर पडायला वाटच नसते, तर तांदूळ ओढणार काय? उलट तांदळाची धूळ चावीच्या फटीत बसते. हेअर ड्रायरही नको. गरम हवेने आतल्या थेंबांची वाफ होते, ती डायलच्या मागे, सर्किटवर, काट्यांच्या मुळाशी पसरते आणि घड्याळ गार झालं की तिथेच पुन्हा पाणी होते. उन्हात ठेवल्यावर धुकं गेलं, म्हणजे पाणी गेलं असं समजून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. धुकं काचेवरून गेलेलं असतं, घड्याळातून नाही.

घड्याळजीने करायचं ते असं: झाकण उघडून सेल काढायचा, मशीन केसमधून बाहेर घ्यायचं, सौम्य कोमट हवेत पूर्ण सुकवायचं, कॉइल आणि सर्किटवर हिरवट-पांढरा थर आला आहे का ते भिंगाखाली बघायचं. क्वार्ट्‌झ मशीनच्या, म्हणजे सेलवर चालणाऱ्या यंत्राच्या, कॉइलची तार डोक्याच्या केसापेक्षा बारीक असते. तिला एका जागी गंज लागला तरी घड्याळ बंद. चावीचं यांत्रिक घड्याळ असेल तर मशीन पूर्ण खोलून धुवून नव्याने तेल घालावं लागतं, वरवर फुंकर मारून भागत नाही. इथे एक सावधगिरी हवी. घरच्या घरी ‘पाणी उडून जाईल’ म्हणून मशीन स्पिरिटमध्ये बुडवणारे असतात. यांत्रिक घड्याळातल्या पॅलेट फोर्क या छोट्या तरफेचे खडे लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पाणी जाईल, पण खडाही सुटेल.

आता मूळ प्रश्न. झाकणावरच्या आकड्याला लोक खोली समजतात. तो आकडा म्हणजे दाबाची एक परीक्षा आहे. पाण्यात दर १० मीटरला साधारण १ बार, म्हणजे जवळपास हवेच्या नेहमीच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणून ३० मीटर, ३ बार, ३ एटीएम (अ‍ॅटमॉस्फिअर) या तिन्ही लिहिण्यांचा अर्थ व्यवहारात एकच. साध्या घड्याळांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं २२८१० हे प्रमाणक २०१० पासून आहे, त्याआधी आयएसओ २२८१ होतं. त्यातली दाबाची चाचणी अशी असते: घड्याळ पाण्यात ठेवून एका मिनिटात ठरलेल्या दाबापर्यंत न्यायचं, १० मिनिटं तिथे धरायचं, मग दाब उतरवायचा. याखेरीज १० सेंटिमीटर पाण्यात तासभर ठेवणं, चावीवर आडवा ५ न्यूटन म्हणजे सुमारे अर्ध्या किलोचा भार देऊन १० मिनिटं बुडवणं, आणि ४० अंश, २० अंश, पुन्हा ४० अंश अशा पाण्यात पाच-पाच मिनिटं फिरवणं, अशाही चाचण्या आहेत. शेवटी घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसून आत धुकं आलं का ते बघतात.

हे सगळं नव्या घड्याळावर, स्वच्छ पाण्यात, स्थिर ठेवून होतं. शिवाय आयएसओ २२८१० प्रमाणे प्रत्येक नग तपासणं बंधनकारक नाही, नमुने तपासले तरी चालतात. म्हणजे तुमच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल तो आकडा एवढंच सांगतो की याच्यासारखं नवं घड्याळ त्या परीक्षेत उतरलं. तीन वर्षं जुनं, एकदा उघडून बंद केलेलं घड्याळ आज काय करील, हे तो सांगत नाही. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द प्रमाणकांनी टाकून ‘वॉटर रेझिस्टंट’ घेतला तो याचसाठी. पाणी कायमचं अडवणारं घड्याळ नसतं, पाण्याला विरोध करणारं असतं, आणि तो विरोध दरवर्षी थोडा थोडा कमी होत जातो.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा, कारण दुकानदारही तो पसरवतात. ‘पोहताना हात मारला की दाब इतका वाढतो की ३० मीटरचं घड्याळ फुटतं,’ असं सांगितलं जातं. हिशोब करून बघा. हात पाण्यातून सेकंदाला ४ मीटर वेगाने गेला, आणि हा वेग चांगल्या पोहणाऱ्याचा झाला, तर त्या गतीमुळे वाढणारा दाब जेमतेम ०.०८ बार, म्हणजे ८० सेंटिमीटर पाण्याइतका. ३ बारपुढे तो काहीच नाही. विहिरीच्या काठावरून पाच मीटर खाली सूर मारला तर गतीचा दाब साधारण पाच मीटर पाण्याइतका भरतो. मात्र मनगट पाण्यावर आडवं आपटलं तर तो क्षण वेगळा: दाब क्षणभर याच्या कितीतरी पट चढतो आणि चावीला बाजूने हिसका बसतो. तेव्हा उडी मारणं वाईट खरं, पण साध्या पोहण्यात घड्याळ भिजलं तर दोष हाताच्या वेगाचा नसतो. दोष रबराचा असतो.

घड्याळात पाणी शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत: मागचं झाकण, चावी, काच, आणि स्टॉपवॉचवाल्या घड्याळात बटणं. प्रत्येक ठिकाणी दोन भागांमध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची एक रिंग दाबून बसवलेली असते. झाकणाची रिंग बहुतेक वेळा मिलिमीटरपेक्षाही बारीक नायट्राइल रबराची. दाबलं गेल्यावर ती दोन्ही बाजूंना चिकटून फट भरते. पण सतत दाबलेलं रबर हळूहळू तो चपटा आकारच धरून बसतं आणि त्याची उसळी जाते. घाम, ऊन, साबण, सनस्क्रीन यांनी ते कडक होतं, बारीक चिरा पडतात. अशी रिंग बाहेर काढली की गोल न राहता पट्टीसारखी सपाट दिसते, आणि कधी कधी हातात तुटून येते. दोन-तीन वर्षं हे नायट्राइल रिंगचं माफक आयुष्य धरावं. रोज घामाचं काम करणाऱ्याच्या हातात दोनच.

काचेची वाट सहसा लवकर बिघडत नाही. खनिज काच किंवा सफायर प्लॅस्टिकच्या कडक रिंगमध्ये दाबून बसवलेली असते. काच बदलताना जुनी रिंग परत वापरली किंवा काच गोंदाने चिकटवली, तर मात्र ती हमखास गळते.

चावी ही सगळ्यात कमजोर जागा. झाकण वर्षानुवर्षं हलत नाही, चावी मात्र ओढली जाते, फिरवली जाते, बाहीला आणि मनगटाच्या मागच्या हाडाला घासली जाते. चावीच्या पोटात एक छोटी ओ-रिंग असते आणि ती केसमधून बाहेर आलेल्या बारीक नळीवर घट्ट सरकते. त्या नळीवर धूळ, घामाचा चिकट मळ साचला की तोच मळ पॉलिश पेपरसारखा रबर घासत राहतो. चावी ओढताना पूर्वी लागायचा तो मऊ, रबरी विरोध लागेनासा झाला आणि ती सैल, धातूवर धातू घासल्यासारखी सरकू लागली, तर रिंग संपली असं समजा. पुष्कळ चाव्यांमध्ये ही रिंग आतल्या वॉशरखाली कोंबलेली असते, ती स्वतंत्रपणे बदलत बसण्यापेक्षा त्याच मापाची पूर्ण चावी बदलणं शहाणपणाचं. नळी झिजली असेल तर नवी चावीही उपयोगाची नाही, नळीही बदलावी लागते.

स्क्रू होणारी चावी यावरचा चांगला उपाय आहे, आणि नवा नाही. रोलेक्सने १९२६ साली ऑयस्टर केस आणली तेव्हा तिची चावी आणि झाकण दोन्ही स्क्रूचे होते. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीझ ग्लाइट्झ ही इंग्लिश जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा तिच्या गळ्यात ते घड्याळ होतं. थंडीमुळे तिला बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालू राहिलं. स्क्रूचा फायदा असा की चावी पूर्ण आवळली की तिची रिंग नळीवर नुसती सरकत नाही, दाबली जाते, आणि धक्क्याने चावी बाहेर येत नाही. पण तारीख लावून चावी आवळायची राहिली, तर हा सगळा बंदोबस्त उघडाच पडतो. आवळतानाही एक सवय लावा. चावी हलके दाबून आधी अर्धा फेरा उलटी फिरवा, आटे जागेवर बसल्याची टिचकी लागेल, मग सुलटी आवळा. तिरके आटे चढवून जोर लावला की नळीचे आटे जातात. बोटांनी सहज थांबेल तिथे थांबा. आणखी पाव फेरा कचकचून आवळल्याने पाणी जास्त अडत नाही, रबर मात्र लवकर चपटं होतं.

तुमच्या घड्याळाचं नेमकं काय झालं असावं, त्याची दाट शक्यता आता दिसते. ३० मीटरच्या घड्याळाचं झाकण बहुधा दाबून बसवायचं असतं. सेल बदलताना ते सुरीच्या टोकाने उचकटलं जातं, जुनी चपटी रिंग तशीच परत घातली जाते, आणि झाकण अंगठ्यांनी दाबून ‘टक्’ झालं की घड्याळ हातात. रिंग खोबणीतून जरा बाहेर आली, झाकणाखाली चिमटली, तिच्यावर डोक्याचा एखादा केस किंवा धाग्याचा तुकडा राहिला, तर तेवढी वाट पाण्याला पुरते. म्हणून सेल बदलणं हे पाणीरोधाच्या दृष्टीने घड्याळाच्या आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम मानायला हवं. सेल टाकायला दोन मिनिटं लागतात, झाकण नीट बंद करायला पंधरा.

नीट बंद करणं म्हणजे काय? जुनी रिंग प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढायची, धातूचं टोक खोबणीत ओरखडे पाडतं. खोबण आणि झाकणाची कड टोकदार लाकडी काडीने साफ करायची. तिथे घाम आणि धूळ मिळून काळा चिकट थर असतो. धातूला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी रिंगही तिथे पूर्ण टेकत नाही, हे ग्राहकाला सांगायला हवं. मग त्याच व्यासाची, त्याच जाडीची नवी रिंग. अंदाजाने ‘बसते’ म्हणून घातलेली जाड रिंग झाकण पुरतं बसू देत नाही. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हात लावायचा: रबरावर चकाकी दिसावी, थर दिसू नये. ग्रीस फट बुजवायला नसतं, रबराला पीळ न पडता सरकू द्यायला आणि सुकू न द्यायला असतं. व्हॅसलीन वापरू नका, काही प्रकारची रबरं खनिज तेलाने फुगतात. दाबाचं झाकण असेल तर त्याची खाच चावीच्या दांड्याशी जुळवायची आणि ते प्रेसमध्ये योग्य मापाच्या ठोकळ्यांवर सरळ दाबायचं. पक्कड किंवा तिरका अंगठा लावला तर काच तडकते. आणि शेवटी प्रेशर टेस्ट.

प्रेशर टेस्ट हा शब्द घड्याळाच्या दुकानात उच्चारायला संकोचू नका. ती दोन प्रकारे होते. कोरड्या यंत्रात घड्याळ बंद डब्यात ठेवून हवेचा दाब किंवा निर्वात देतात आणि केस किती मायक्रॉन दबली-फुगली ते सुई मोजते. केस दबून तशीच राहिली तर ती घट्ट आहे. हळूहळू मूळ जागी येऊ लागली तर हवा आत जाते आहे. यात घड्याळ भिजतच नाही, म्हणून ही आधी करावी. गळती आहे एवढं ती सांगते, कुठून ते सांगत नाही. त्यासाठी ओली चाचणी. घड्याळ पाण्याच्या वर टांगून डब्यात दाब भरतात, काही मिनिटं थांबतात म्हणजे फट असल्यास आतही तोच दाब होतो, मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब सावकाश सोडतात. फटीतून बुडबुड्यांची माळ निघते आणि जागा कळते. बुडबुडे दिसताक्षणी, दाब आणखी न उतरवता, घड्याळ पाण्याबाहेर उचलायचं असतं. नाही तर तपासणीतच पाणी आत जायचं. हातपंपाच्या साध्या यंत्राची मजल साधारण ६ बारपर्यंत असते. तुमचं घड्याळ २०० मीटरचं असेल तर त्या यंत्रावर ‘पास’ झालं म्हणून २०० मीटरची खात्री होत नाही, पण गळकं घड्याळ त्यात सहसा पकडलं जातं. ज्या दुकानात यापैकी काहीच नाही तिथे सेल जरूर बदला, मात्र त्या दिवसापासून ते घड्याळ पाण्याचं नाही असं धरून चाला.

आता धुक्याविषयी एक बारकावा. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत घड्याळ उघडून बंद केलं, तर तीच दमट हवा आत कोंडली जाते. त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. मग २० अंशांच्या एसीत बसलं की काचेवर आतून पुसट झाक येऊ शकते. पण घड्याळातली मोकळी हवा असते साधारण एक-दोन मिलिलिटर, आणि अशा दमट हवेच्या एका मिलिलिटरमध्ये पाणी असतं जेमतेम २६ मायक्रोग्रॅम. त्यातलंही २० अंशांना बाहेर पडतं ९ मायक्रोग्रॅमच्या घरात. एवढ्याशा पाण्याने काच दिसेनाशी होत नाही, थेंब तर धरतच नाहीत. म्हणून ‘दमट हवेमुळे होतं, आपोआप जाईल’ हे उत्तर एका मिनिटात विरणाऱ्या अंधूक झाकेपुरतंच खरं. काटे दिसू नयेत इतकं धुकं, कडेला थेंबांची रांग, किंवा डायलवर डाग असेल तर पाणी बाहेरून आलेलं आहे. तुमच्या वर्णनावरून ते दुसऱ्या प्रकारात बसतं.

घरी पडताळायचं असेल तर घड्याळ हातात घालून चांगलं कोमट होऊ द्या, काचेवर फ्रीजमधल्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा, पुसा आणि तिरक्या उजेडात बघा. ठसठशीत गोल डाग आतल्या बाजूला उमटला आणि टिकला तर घड्याळ उघडायला न्या.

दाबापेक्षा घड्याळाला जास्त छळतात ते ऊन-गारठा आणि साबण. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा कढत पाण्याच्या आंघोळीत आतली हवा ४० अंशांवर गेली, थोडी रबरापासून निसटली, आणि मग २५ अंशांच्या पाण्यात हात घातला, तर आतली हवा आकसते. साधारण पाच टक्के दाब घटतो, म्हणजे अर्ध्या मीटर पाण्याइतकी ओढ घड्याळ स्वतःच निर्माण करतं. रबर ताजं असेल तर काही होत नाही. थकलेलं असेल तर घड्याळ पाणी चोखून घेतं. त्यातच साबण आणि शाम्पू पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे ज्या फटीत साधं पाणी अडलं असतं तिथे साबणाचं पाणी झिरपतं. घड्याळ कितीही मीटरचं असो, कढत आंघोळ, स्टीम आणि सॉना या तिन्ही वेळी ते काढून ठेवावं, यात मी कोणालाच सूट देणार नाही.

पुढचं घड्याळ घेताना आकडा आपल्या सवयीवरून ठरवा. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे आणि छत्रीतला पाऊस. ५० मीटर कागदावर पोहायला चालतं, आणि नवं असताना खरंच चालतं, पण रबर जुनं होत जाईल तसा हाताशी राहणारा अवकाश कमी असतो. पावसात दुचाकी चालवणाऱ्याने, आठवड्यातून दोनदा तलावात जाणाऱ्याने, सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याने थेट १०० मीटरचं घ्यावं. १० मीटरसुद्धा खाली जायचं नसताना १०० मीटर कशाला, असं वाटेल. कारण १०० मीटरच्या घड्याळात बहुधा स्क्रूचं झाकण, जाड रिंगा आणि भरभक्कम चावी येते. तुम्ही खोली विकत घेत नाही, जास्त रबर आणि जास्त धातू विकत घेता. चावी स्क्रूची असलीच पाहिजे असं नाही. सेको ५ स्पोर्ट्‌सची हल्लीची अनेक मॉडेल्स साध्या ओढायच्या चावीवर १०० मीटरची आहेत. समुद्रात नियमित उतरणाऱ्याने मात्र स्क्रूची चावी आणि २०० मीटर, यापेक्षा कमी घेऊ नये.

२०० मीटर असं लिहिलेलं प्रत्येक घड्याळ डायव्हिंगचं नसतं, हेही बघा. डायव्हिंगच्या घड्याळांना आयएसओ ६४२५ लागतं आणि त्यांच्यावर ‘डायव्हर्स’ हा शब्द आकड्यासोबत असतो. तिथे प्रत्येक नग तपासतात, तोही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली दोन तास. मिठाच्या पाण्यात २४ तास, ३० सेंटिमीटर पाण्यात ५० तास, ४० अंशांतून ५ अंशांत आणि परत, अशा चाचण्या वेगळ्या. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे ही अटही आहे. तारकर्लीला हौसेने एकदा स्कूबा करून यायचं असेल तर यासाठी पैसे घालवू नका, प्रशिक्षक सोबत असतो. अभ्यासक्रम करून वारंवार डायव्हिंग करणार असाल तर मात्र हाच शब्द शोधा. हेलियम व्हॉल्व्हची, म्हणजे आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेची, जाहिरात भुरळ घालते. तो दिवसेंदिवस दाबाखालच्या कक्षात राहून समुद्रतळावर काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी आहे. इतरांना त्याचा उपयोग नाही, आणि घड्याळाला तेवढं एक भोक जास्त.

स्मार्टवॉचची भाषा निराळी आहे. तिथे धूळ-पाणी रोखण्याची क्षमता ‘आयपी’ आकड्यांत सांगतात. आयपी ६७ म्हणजे १ मीटर स्थिर गोड्या पाण्यात ३० मिनिटं. आयपी ६८ म्हणजे त्यापुढे कंपनी सांगेल तेवढं; किती मीटर, किती वेळ हे खोक्यावर वाचा. या खुणा पोहण्याची परवानगी नाहीत. पोहायचं असेल तर ५ एटीएम किंवा ५० मीटर असं स्पष्ट लिहिलेलं हवं. अ‍ॅपल वॉचने सिरीज २ पासून आयएसओ २२८१० खाली ५० मीटर दिले आहेत. स्मार्टवॉचचा पडदा आणि पाठ बहुधा गोंदाने चिकटवलेली असते, त्यामुळे रिंग बदलून रोध परत आणायचा मार्ग जवळजवळ नसतो. एकदा जोराने पडलं, कडेला केसभर फट पडली की पाणीरोध गेला. व्यायामानंतर मागच्या चार्जिंगच्या पिना पुसल्याशिवाय चार्जरवर लावू नका. घामाचं मीठ आणि वीज मिळून त्या पिना हिरव्या करून टाकतात.

काळजी फारशी नाही, पण नेमकी घ्यावी लागते. समुद्रातून किंवा क्लोरिनच्या तलावातून आल्यावर चावी बंद आहे याची खात्री करून घड्याळ अर्धा मिनिट गोड्या पाण्याखाली धरा, धार हलकी असू द्या, फिरती बेझल (काचेभोवतीचं कडं) असेल तर पाण्यात दोन-चार फेरे फिरवा. मीठ तिच्याखालीच साचतं. आठवड्यातून एकदा जुन्या मऊ टूथब्रशने चावीच्या मुळाशी आणि झाकणाच्या कडेला साठलेला घामट मळ काढा. चावीचं रबर यानेच सगळ्यात जास्त टिकतं. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात काढून रबराचा किंवा नायलॉनचा लावा. अत्तर, डासांचं मलम, सनस्क्रीन अंगावर सुकल्यावर मगच घड्याळ घाला. पाण्यात नेहमी जाणाऱ्या घड्याळाची वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट, शक्यतो मेच्या शेवटी, पावसाच्या आधी. इतरांनी सेल बदलताना दर वेळी झाकणाची रिंग नवी मागून घ्यावी. घड्याळातला तो सगळ्यात स्वस्त भाग आहे.

आणि घरात आजोबांचं एचएमटी असेल, चावीचं, अ‍ॅक्रिलिक काचेचं, तर त्याच्या झाकणावर काहीही कोरलेलं असो, ते पाण्याचं घड्याळ नाही. चार-पाच दशकांनी त्यातली रिंग असलीच तर दगड झालेली असते, आणि त्या काचेच्या कडेला सूक्ष्म चिरा असतात. नवी रिंग घालून धूळ आणि दमटपणा अडवता येतो, तेवढं जरूर करा. पावसाच्या दिवशी ते घरी ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर, आणि पुड्यांतले दाणे रंग बदलतील तेव्हा त्या बदला.